आधी टॉवर, मग ओटीपी

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. मुदत दोन महिन्यांची. महिन्याचे दीड हजार रुपये चालू राहायचे असतील, तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यायला हवा. आधी बाईचा, मग तिच्या नवऱ्याचा किंवा वडिलांचा. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या बायका या ओटीपीसाठी डोंगर चढल्या, कारण खाली पाड्यावर रेंज नाही. वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले. लोक हळहळले आणि पान उलटून पुढे गेले.

मला पुढे जाता येत नाही. वर्षभर आधी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, याच योजनेचे अर्ज भरून घ्यायला अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या होत्या. तेव्हा सरकार पाड्यावर पोचलं. पडताळणीची वेळ आली तेव्हा बाईनेच डोंगर चढायचा, असं ठरलं. जी यंत्रणा द्यायला दारापर्यंत येऊ शकते, ती तपासायलाही येऊ शकते. ती आली नाही, हा निर्णय होता. त्याला तांत्रिक अडचण म्हणणं ही फसवणूक आहे.

त्यात नवऱ्याचा ओटीपी. सातपुड्यातला नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातो. घरात एकच फोन असेल तर तो त्याच्या खिशात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनीच स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचं सांगितलं होतं. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया होत्या ३३ टक्के. हे आकडे सरकारचेच आहेत. केवळ स्त्रियांसाठी असलेल्या योजनेचा दरवाजा पुरुषाच्या फोनला जोडताना ते कुणी उघडूनही पाहिले नाहीत. विधवा आणि घटस्फोटित बायकांचं काय, हा प्रश्नही आधी पडला नाही. त्यांच्यासाठी वेगळी सोय मागाहून करावी लागली, मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली.

गरीब देशांत तंत्रज्ञान का रुजत नाही, यावर परिषदा भरतात. तिथे लोकांची निरक्षरता, भीती, परंपरा यांची चर्चा होते. हे सगळं मला खोटं वाटतं. गरिबाने फोन कधीच नाकारला नाही. धोरणाने त्याचा खिसा आणि त्याचा दिवस ओळखून फोन पुढे केला, तेव्हा तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. याची साक्ष आपल्याच देशात आहे.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था उभी राहिली. सॅम पित्रोदांचं स्वप्न, इंदिरा गांधींचा पाठिंबा, छत्तीस महिन्यांची मुदत आणि छत्तीस कोटी रुपये. तेव्हा शहरातही फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. परदेशी टेलिफोन एक्स्चेंज थंड, वातानुकूलित खोलीतच चालायचं, आणि आपल्या खेड्यात तर विजेचाच भरवसा नव्हता. सी-डॉटच्या तरुण इंजिनिअरांनी १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. ते एसीशिवाय चालत होतं. उन्हाळा सोसत होतं, धूळ सोसत होतं. १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला पहिलं बसलं. तंत्रज्ञान गावाच्या हवेत जगेल असं घडवायचं, गावाला तंत्रज्ञानाच्या हवेत जगायला लावायचं नाही, एवढं साधं त्यांना उमगलं होतं.

आणि त्याहून मोठी गोष्ट पीसीओ. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. या देशात घरोघर फोन नजीकच्या काळात शक्य नाही, हे त्या धोरणाने मान्य केलं आणि विचारलं, मग फोनपर्यंत पोचणं तरी शक्य करता येईल का? किराणा दुकानाच्या कोपऱ्यात, एसटी स्टँडावर, मेडिकलच्या काउंटरवर बूथ आले. वाटपात अपंगांना प्राधान्य मिळालं. लाल आकडे पळायचे, लहानशा यंत्रातून बिल बाहेर यायचं आणि जेवढं बोललं तेवढ्याचेच पैसे द्यायचे. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून दहा-अकराला बूथसमोर रांगा लागायच्या. मुंबईतला गिरणी कामगार, पुण्यात शिकणारी मराठवाड्यातली पोरगी, आखातातल्या मुलाची वाट बघणारी रत्नागिरीतली आई, सगळे त्या रांगेत होते. कुणाकडेही स्वतःचा फोन नव्हता आणि तरीही सगळे फोन वापरत होते. भारताने जगाला दाखवलेल्या दूरसंचार धोरणांत मी पीसीओला सगळ्यात वर ठेवतो.

हाच विचार बांगलादेशात मोबाइलवर झाला. मार्च १९९७ मध्ये ग्रामीणफोन सुरू झाली. इक्बाल कादिर यांची कल्पना, मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण समूहाची साथ आणि नॉर्वेच्या टेलिनॉरचा पैसा. खेड्यातली बाई ग्रामीण बँकेचं कर्ज काढून एक मोबाइल घ्यायची आणि गावाला मिनिटाच्या दराने बोलू द्यायची. फोन तिचा, धंदाही तिचाच. दुबईतल्या मुलाचा फोन घ्यायला गाव तिच्या अंगणात यायचा. याच्या मागे आणखी एक शहाणा निर्णय आहे, ज्याची आठवण कमी निघते. बांगलादेश रेल्वेकडे सिग्नलसाठी टाकलेली ऑप्टिकल फायबर होती आणि तिची बरीच क्षमता पडून होती. ती भाड्याने मिळाली, म्हणून ग्रामीणफोनला देशभर पसरता आलं. सार्वजनिक मालकीची वस्तू पडून राहण्यापेक्षा वापरात यावी, एवढंच ते धोरण होतं.

केनियाची गोष्ट माहितीची आहे, पण ती सांगताना मधला महत्त्वाचा भाग गाळला जातो. मार्च २००७ मध्ये सफारीकॉमने एम-पेसा आणलं. शहरातला माणूस साध्या फोनवरून गावाकडे पैसे पाठवू लागला. इंटरनेट लागत नव्हतं, बँक खातं लागत नव्हतं. कोपऱ्यावरच्या एजंटाकडे रोख द्यायची, आकडे दाबायचे, पलीकडच्या गावातल्या एजंटाकडून रोख घ्यायची. कंपनीच्या हुशारीचं कौतुक सगळे करतात. कौतुक केनियाच्या मध्यवर्ती बँकेचंही व्हायला हवं. असल्या सेवेसाठी कायदाच नव्हता. नियम नाही म्हणून नको, असं म्हणणं सोपं होतं. मध्यवर्ती बँकेने आधी धोके तपासले, लोकांचा पैसा कंपनीच्या खात्यात न मिसळता बँकेत विश्वस्त खात्यात राहील याची हमी घेतली आणि मग आक्षेप नसल्याचं पत्र दिलं. पुढे २००८ च्या अखेरीस व्यापारी बँकांनी ओरड केली, सरकारने तपासणी लावली, सेवा टिकली. देशभराच्या पेमेंटचा कायदा २०११ साली आला. आधी लोकांची गरज, तिच्याभोवती सुरक्षिततेचं कुंपण, आणि अनुभवातून कायदा, असा तो क्रम होता.

याच्या शेजारी युगांडा. जुलै २०१८ मध्ये तिथल्या सरकारने व्हॉट्सअॅप, फेसबुक वापरण्यावर दिवसाला २०० शिलिंगांचा कर लावला. कर न भरणाऱ्याला ती अॅप बंद. इंटरनेट वापरणारे घटले, कर अपेक्षेइतका जमला नाही. २०२१ साली तो काढला आणि डेटावरच १२ टक्के कर बसवला. गरिबाच्या बोलण्यावर पैसे आकारायची हाव सुटली, की तंत्रज्ञान कितीही चांगलं असो, माणूस मागे सरकतो.

आता आपल्याकडे परत येतो, कारण आपणही हळूहळू युगांडाच्याच वाटेने निघालो आहोत. फक्त आपल्याकडे हे कराच्या नावाने होत नाही, रिचार्जच्या नावाने होतं.

३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. मोबाइल श्रीमंतांचाच राहिला. १९९९ च्या नव्या धोरणाने कंपन्यांचं अवजड ठराविक परवाना शुल्क काढून उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली, स्पर्धा वाढली, दर कोसळले. पण गरिबासाठी निर्णायक वर्ष २००३. त्या वर्षी इनकमिंग फुकट झालं. फोन येण्याला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर रिक्षावाला, भाजीवाली, गवंडी, मोलकरीण, सगळ्यांनी मोबाइल घेतला. दहा रुपयांचं रिचार्ज महिनाभर पुरवायचं. सांगायचं असेल तर मिस्ड कॉल द्यायचा. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. लोकांनी स्वतःच एक फुकट संदेशसेवा उभारली आणि कंपन्यांना ती चालू द्यावी लागली.

ती सोय २०१८ च्या शेवटी काढून घेतली गेली. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने किमान रिचार्जची अट आणली. २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंगही. दूरसंचार नियामक ट्रायने विचारणा केली, पुढे काही झालं नाही. ३५ चे ४९ झाले, ७९ झाले, ९९ झाले, दीडशेच्या पुढे गेले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा महिनाभराचा साधा प्लॅन १९९ रुपयांवर पोचला. सहा वर्षांत फोन नुसता जिवंत ठेवायची किंमत पाचपटीहून जास्त वाढली. मजुरी पाचपट वाढली का?

२८ दिवसांचा हिशोबही नीट पाहा. महिना बारा, रिचार्ज तेरा. ट्रायने २०२२ साली ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवायला लावला, पण बाजार अजून २८ वरच चालतो.

डेटा नको, फक्त बोलायचं आहे, असं म्हणणाऱ्या कोट्यवधी लोकांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त व्हॉइस आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं. चांगला आदेश होता. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी पॅक आणले ते ८४ दिवसांचे, साडेचारशे रुपयांच्या आगेमागे, आणि वर्षभराचे, पावणेदोन हजारांच्या घरातले. ज्या माणसाची कमाई रोजची आहे, त्याने एकरकमी साडेचारशे कुठून आणायचे? आदेशाचं अक्षर पाळलं, हेतू मोडला. आणि ट्रायने ते चालवून घेतलं. २८ दिवसांचा, शंभराच्या आतला, फक्त बोलण्याचा पॅक सक्तीचा करायला ट्रायला कुणी अडवलं आहे? ते करत नसेल, तर ग्राहकांच्या हिताचं रक्षण हा आपला पहिला हेतू असल्याचं तरी सांगू नये.

या १९९ रुपयांचं पुढे काय होतं, ते जाणून घ्या. १८ टक्के जीएसटी, म्हणजे तीस रुपये, थेट सरकारकडे. उरलेल्यातून कंपनी आपल्या समायोजित उत्पन्नाच्या ८ टक्के परवाना शुल्क सरकारला देते. या आठांतले पाच टक्के एका खास निधीसाठी राखलेले असतात. एप्रिल २००२ पासून ही आकारणी चालू आहे. २००३ च्या कायदादुरुस्तीने निधीला वैधानिक दर्जा मिळाला. त्याचं नाव होतं सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला डिजिटल भारत निधी असं नवं नाव दिलं. काम एकच. जिथे कंपन्यांना नफा नाही तिथे, म्हणजे धडगावात, मेळघाटात, भामरागडात, नेटवर्क पोचवणं.

म्हणजे ओटीपीसाठी डोंगर चढणारी बाई गेली कित्येक वर्षं, प्रत्येक रिचार्जमागे, आपल्या गावच्या टॉवरचे पैसे भरत आली आहे. टॉवर आलेला नाही. या निधीतले हजारो कोटी रुपये वर्षानुवर्षं खर्चाविना पडून राहिले, गोळा झालेली रक्कम निधीत पूर्ण वळतीही झाली नाही, यावर कॅगने वेळोवेळी बोट ठेवलं आहे. माझ्या लेखी हे त्या बाईचं सरकारकडे असलेलं येणं आहे.

आश्वासनांच्या तारखा ओळीने ठेवून बघा. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने सांगितलं, १९९७ पर्यंत सगळी गावं फोनने जोडू. १९९९ च्या धोरणाने ती तारीख २००२ केली. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर झाली, सुमारे वीस हजार कोटींची, दोन वर्षांत पुरी करायची. तिचं नाव पुढे भारतनेट झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये याच भारतनेटच्या सुधारित रूपाला सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर करावे लागले. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती आता 'सर्व्हिस रेडी' आहेत असं सरकार सांगतं. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन भारतनेटच्या यंत्रांचं कपाट उघडा. बॅटरी आहे का, दिवा लागतो का, त्या तारेवर शाळा, दवाखाना, रेशन दुकान यांतलं काय चालतं, हे बघा. तार पोचणं आणि सेवा पोचणं यांत अंतर आहे, आणि त्या अंतराची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फोर-जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. १९९७ ला सगळी गावं जोडून व्हायची होती. त्यानंतर पंचवीस वर्षांनीही यादी एवढी मोठी होती.

नेटवर्क पोचवायला सरकारला तीन दशकं अपुरी पडतात, आणि नेटवर्क गृहीत धरायला एक परिपत्रक पुरतं. रोजगार हमीवर १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांची हजेरी मोबाइल अॅपवर सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, वेळ आणि ठिकाणासह. फोटो चढला नाही तर केलेल्या कामाची मजुरी बुडाली. ज्या महाराष्ट्राने देशाला रोजगार हमी दिली, त्या महाराष्ट्रातल्या डोंगराळ गावांतही हेच. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या कोटडा भागात रेशनचं अंगठ्याचं यंत्र रेंजसाठी झाडावर न्यावं लागलं आणि माणसांनी झाडावर चढून अंगठे दिले. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं, तेही फक्त ऑनलाइन नोंदणीवर. आपल्याकडे शहरातली माणसं मोबाइलवर जागा पकडून, गाड्या घेऊन खेड्यांतल्या केंद्रांवर लस घ्यायला गेली आणि त्या खेड्यातली माणसं बाजूला उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं, त्याच सुमारास थेट केंद्रावर नोंदणीची मुभा मिळाली. मुभा देता येत होती, मग ती पहिल्या दिवशी का नव्हती?

यावर उत्तर ठरलेलं असतं. बोगस नावं गाळायची आहेत, गळती थांबवायची आहे. गळती थांबायलाच हवी. पण अॅपने ती थांबली का, हेही पाहू. लाडकी बहीण योजनेचे पैसे चौदा हजारांहून अधिक पुरुषांनी घेतल्याचं २०२५ साली उघड झालं. ते अर्ज ऑनलाइन यंत्रणेत नोंदवूनच मंजूर झाले होते. रोजगार हमीच्या हजेरी अॅपवर जुन्या फोटोचे फोटो काढून चढवले जातात, भलतेच फोटो चढतात, हे जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने स्वतःच्या परिपत्रकात मान्य केलं. चोराला अॅप शिकायला वेळ लागत नाही. अॅपमुळे अडतो तो खरा हक्कदार. ज्याच्या अंगठ्याच्या रेषा कष्टाने झिजल्या, ज्याचा नंबर रिचार्जअभावी बंद पडला, ज्याचं आधार जुन्याच नंबरला जोडलेलं आहे, तो. कंपनी बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला देते, आणि मग या बाईचा ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. किमान रिचार्ज आणि ओटीपीची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एका हाताने फोन महाग केला, दुसऱ्या हाताने तो अनिवार्य केला.

स्मार्टफोनने, २०१६ नंतर स्वस्त झालेल्या डेटाने खूप दिलं. खेड्यातला मुलगा यूट्यूबवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, द्राक्षबागायतदार हवामान बघतो, हे मी मनापासून चांगलं मानतो. ज्याला परवडतं, जिथे रेंज आहे, तिथे सगळं ऑनलाइन करा. माझं म्हणणं हक्काबद्दल आहे. रेशन, मजुरी, पेन्शन, लस, दीड हजार रुपये, यांपैकी कशासाठीही फोन ही अट असता कामा नये. फोन ही सोय असावी.

म्हणून मागण्या स्पष्ट करतो. ज्या गावात नेटवर्क नाही, तिथे कागदावरची, माणसाने केलेली पडताळणी हा कायद्याने हक्क हवा, अधिकाऱ्याची मेहेरबानी नको. ट्रायने शंभर रुपयांच्या आतला फक्त बोलण्याचा महिन्याचा पॅक सक्तीचा करावा. डिजिटल भारत निधीत महाराष्ट्रातून किती जमलं आणि कोणत्या तालुक्यात किती खर्च झालं, हे दर वर्षी तालुकावार जाहीर व्हावं.

तिसऱ्या मागणीसाठी वाचकांनी सरकारची वाट बघू नये. येत्या ग्रामसभेत, याच निधीतून झालेल्या आपल्या गावच्या भारतनेटच्या जोडणीची स्थिती लेखी विचारा, उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावा. इतिवृत्तात आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्या अर्जाला ओटीपी लागत नाही. साध्या कागदावर लिहून, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तो आजही देता येतो.